दोन अंडी, पात नको

तिआनजिन शहरात सकाळी सहा ते नऊ या वेळात कुणालाच स्वतःचं नाव नसतं. बँकेतला साहेब असो, दप्तर सावरत धावणारा शाळकरी पोर असो, नाहीतर बंदरावरची रात्रपाळी उरकून आलेला क्रेनवाला असो, नाक्यावरच्या तव्यापाशी आला की तो 'एक अंडं, तिखट जास्त' होतो किंवा 'दोन अंडी, पात नको' होतो. नाव ठेवण्याचा हा अधिकार तव्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईचा. नावं ठेवण्याचाही तिचाच.

तिला सगळे ताई म्हणतात. वयाचा इथे संबंध येत नाही. या शहराची रीतच अशी की अनोळखी बाई विशीतली असो वा सत्तरीची, तिला ताई म्हणायचं. बाहेरगावचा एखादा शहाणा पासष्टीच्या बाईला आदराने मावशी म्हणून बसतो आणि आज आपल्या वाट्याला चटणी इतकी हात आखडून का आली, याचा विचार करत ऑफिस गाठतो.

ताई एकच नाही. तिआनजिनच्या गल्लोगल्ली एक तरी असतेच. चेहरे वेगळे, तवे वेगळे. पण मनगटापासून कोपरापर्यंत चढवलेल्या फुलाफुलांच्या कापडी बाह्या, कपाळावरची एक कायमची आठी आणि मान वर न करता समोरचा माणूस ओळखायची विद्या सगळ्यांची सारखीच. बीजिंगहून इथे यायला 2008 साली वेगवान रेल्वे सुरू झाली आणि प्रवास अर्ध्या तासावर आला. ताईच्या मते हा अर्धा तास फारच कमी आहे. त्यामुळे बीजिंगचे लोक येतात.

ती विकते त्या पदार्थाचं नाव जिएनबिंग ग्वोझी. मराठी माणूस पहिल्यांदा बघतो आणि हमखास म्हणतो, "अरे, हे तर मुगाचं धिरडं!" त्याचं फारसं चुकत नाही, कारण अस्सल तिआनजिनी जिएनबिंग हिरव्या मुगाच्या पिठाचंच असतं. पुढे मात्र वाटा फुटतात. पळीभर पीठ तव्यावर पडतं, आडवी फळी ठोकलेली लाकडी दांडी एकदाच गर्रकन फिरते आणि पीठ तव्याच्या कडेला टेकतं. त्यावर अंडं फुटतं, तेही दांडीनेच पसरतं. कांद्याची पात, थोडे तीळ. उलथनं कडेखालून सरकतं आणि अख्खा गोल चुपचाप पालथा होतो. मग मैद्याची गोडसर आंबवलेली चटणी, आंबवलेला लाल टोफू आणि विचारून तिखट. पोटात ग्वोझी, म्हणजे तळलेल्या पिठाची लांब कांडी. ती नको असेल तर ग्वोबिअर, म्हणजे कुरकुरीत तळलेला पापुद्रा. घडी, दुमड, पिशवी, पुढचा. दीड-दोन मिनिटांत काम तमाम.

चीनमध्ये तमाशा करून विकणारे पुष्कळ आहेत. छंगदूला चिकट भाताचे गोळे असे भिरकावतात की ते पितळी चकत्यांवर ठणाठणा आपटून थेट सोयाबीनच्या पिठात जाऊन लोळतात. पदार्थाचं नावच मुळी 'तीन तोफा'. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात दोघं गडी लाकडी घण घेऊन शेंगदाण्याच्या मिठाईवर आळीपाळीने घाव घालतात आणि बघे तोंडात बोट घालून उभे राहतात. शान्शीतला नूडलवाला कणकेचा ठोकळा एका हातावर तोलून दुसऱ्या हातातल्या पात्याने उकळत्या पाण्यात काप उडवतो. ताईला यातलं काही पसंत नाही. "पदार्थात दम नसला की माणूस उड्या मारतो," हे तिचं मत, आणि ते तिने विचारल्यावाचून दिलेलं असतं.

कारण हात आणि तोंड ही तिची दोन स्वतंत्र खाती आहेत. एकाचा दुसऱ्यावर काडीचा परिणाम होत नाही. तिआनजिनच्या माणसाची जीभ साऱ्या चीनमध्ये प्रसिद्ध. शिएंगशंग नावाचा जो दोघांनी उभ्याउभ्या करायचा विनोदी संवाद आहे, त्याचं हे माहेरघर. मा सानली याच शहराचे, ग्वो दगांग इथेच जन्मले. त्या संवादात एक जण बोलतो आणि दुसरा 'हं', 'असं होय', 'मग?' एवढ्याच भांडवलावर त्याला खुलवत नेतो. जाणकार सांगतात की हे 'हं' म्हणणंच जास्त कठीण. ताईच्या गाडीवर ही भूमिका तिचा नवरा करतो. तो मागच्या कढईत ग्वोझी तळत असतो. ताई म्हणते, "आजकालच्या मुलांना सकाळी उठवत नाही." नवरा म्हणतो, "हं." ताई म्हणते, "आणि उठली तरी जागी होत नाहीत." नवरा कांडी उलटतो आणि म्हणतो, "हं." लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी या 'हं'मध्ये कंटाळ्याचा सूर आलेला नाही. सूर नसतोच त्यात.

रांगेतली खरी राजमंडळी म्हणजे घरून अंडं घेऊन येणारे. तिआनजिनचा जुना माणूस न्याहारीला निघतो तेव्हा त्याच्या खिशात किल्ली, मोबाइल आणि अंडं असतं. आपलं अंडं दिलं की किमतीतून अंड्याचे पैसे वजा होतात. पण पैसे हे निमित्त. आपलं अंडं ताजं आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि ते आपल्या डोळ्यांदेखत आपल्याच जिएनबिंगमध्ये गेलं, याचं एक वेगळं समाधान असतं. पेन्शनर आजोबा ते अंडं दोन बोटांत धरून ताईच्या हाती सोपवतात तेव्हा मुलीचं कन्यादान चालल्याचा भास होतो. पारा शून्याखाली गेलेला असताना जाड कोटाच्या आतल्या खिशात अंडं ठेवून गर्दीच्या बसने येणं हे मात्र जोखमीचं काम. एखाद्याचा हात खिशात जातो आणि तिथेच थबकतो. चेहरा पडतो. ताई मान वर न करता म्हणते, "तवा इथे पेटवलाय, तुम्ही कोटात कशाला केलंत?"

यातले काही आजोबा नदीवरून येतात. 2023 साली हायहे नदीवरच्या शीझलिन पुलावरून धडाधड सूर मारणारे तिआनजिनचे म्हातारे साऱ्या चीनच्या मोबाइलवर झळकले. त्यांना बघायला पुलावर एवढी गर्दी लोटली की अखेर मंडळींनी उड्या आवरत्या घेतल्या. ताईने त्यांना आधी कधी मानलं नाही आणि प्रसिद्ध झाल्यावरही मानलं नाही. "पाण्यात डोक्यावर पडायचं, आणि रांगेत मात्र गुडघे दुखतात म्हणून पुढे घुसायचं," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणते. आजोबा खूश होतात. दिवसभरात त्यांच्याशी इतकं सविस्तर कुणी बोललेलं नसतं.

ताईच्या तव्यापुढे करू नये असा एकच गुन्हा आहे: पालेभाजी मागणं. बीजिंगमध्ये आणि इतर शहरांत जिएनबिंगमध्ये लेट्यूसचं पान घालतात, सॉसेज घालतात, सुक्या मांसाचा भुगा घालतात. तिआनजिनमध्ये हे शब्द लहान मुलांसमोर उच्चारत नाहीत. एकदा सूटकेस ओढत आलेल्या एका तरुणाने "लेट्यूस आहे का?" असं विचारलं आणि रांग शांत झाली. ताईचा हात थांबला नाही, पण नवऱ्याचा थांबला. ताईने बोट दाखवलं, "भाजीबाजार डावीकडे. तिथे कोबीही मिळेल." मग सॉसेजबद्दल विचारायचं त्या पोराच्या जिवावर आलं. त्याने मुकाट्याने एक अंडं घेतलं आणि खाता खाता त्याचा चेहरा बदलत गेला. ताईला तो चेहरा दिसला. न बघता दिसला.

या शुद्धतेच्या रक्षणासाठी शहराने कागदी घोडेही नाचवले आहेत. 2018 साली तिआनजिनच्या खाद्यव्यवसाय संघटनेच्या जिएनबिंग शाखेने पदार्थाचा मापदंड जाहीर केला. धिरड्याचा व्यास 38 ते 45 सेंटिमीटर असावा, असं त्यात लिहिलं आहे. देशभर हसण्याची लाट आली. लोक म्हणाले, आता न्याहारीला फूटपट्टी आणायची. ताईपर्यंत बातमी एका हिशेबनिसाने पोचवली. तिने तव्याकडे बघितलं. तवा तिच्या सासूचा. "तवा जेवढा तेवढं धिरडं," ती म्हणाली, "संघटना काय तव्याबाहेर ओतायला सांगते?" नवरा म्हणाला, "हं." मला त्या वेळी प्रथमच त्या 'हं'मध्ये किंचित अभिमान ऐकू आला. कदाचित कढईचा आवाज असेल.

पैशाला ताई हात लावत नाही. पूर्वी गाडीच्या कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. गिऱ्हाइकाने नोट टाकायची आणि सुटे आपले आपण उचलायचे. आता तिथे दोन चौकोनी क्यूआर कोड लटकतात, एक निळा आणि एक हिरवा, आणि खाली एक पिटुकला स्पीकर. मोबाइल दाखवला की स्पीकरमधली बाई खणखणीत आवाजात जाहीर करते: आले, आठ युआन. साऱ्या रांगेला कळतं. काटकसरीचं व्रत सांगणारा शेजारी तीन अंडी खातो, हे गुपित या स्पीकरनेच फोडलं. ताई जगात कुणालाही वाक्य पूर्ण करू देत नाही. अपवाद या यंत्राचा.

तिच्या कमाईबद्दल मात्र कुणी बोलू नये. काही वर्षांपूर्वी बीजिंगमधल्या अशाच एका जिएनबिंगवालीचं गिऱ्हाइकाशी वाजलं. तू अंडं एकच घातलंस की दोन, हा वाद. ती उसळून म्हणाली, मी महिन्याला तीस हजार कमावते, तुझं एक अंडं कशाला मारीन? ते वाक्य इंटरनेटवर वणव्यासारखं पसरलं. देशभरातल्या पदवीधरांनी आपापल्या पगाराच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या आणि बराच काळ खिन्न राहिले. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाईक ताईकडे बघून मनातल्या मनात गुणाकार करायला लागलं. ताईला हे गुणाकार दिसतात. "मोजा, मोजा," ती म्हणते, "पहाटे तीनला उठून मूग दळायला आलात की बाकीचं गणित मी शिकवते." आजवर कुणी गेलेलं नाही.

तिचा शत्रू एकच, आणि तोही गिऱ्हाईक. फुटपाथ मोकळे ठेवण्यासाठी चिनी शहरांत छंगग्वान नावाचं खातं असतं. त्यांचे गणवेशातले लोक दिसले की फेरीवाल्यांच्या तीनचाकी गाड्या गल्ल्यांत दिसेनाशा होतात. पुष्कळशा ताया आता खिडकीएवढ्या गाळ्यांत शिरल्या आहेत, पण तीनचाकीवरच्या अजून आहेत. त्यांच्या भागातला छंगग्वान सकाळी सात वाजता 'एक अंडं, चटणी डबल' म्हणून रांगेत उभा राहतो आणि नऊ वाजता सरकार म्हणून येतो. मधल्या दोन तासांत तो कुणीच नसतो. आठ पंचावन्नला ताई तव्याखालची आच बंद करते. नऊला जागा रिकामी. तो रिकामी जागा बघून वहीत काहीतरी लिहितो, आणि पोटातलं जिएनबिंग त्याला दुजोरा देतं.

2020 च्या जून महिन्यात या नात्याची मोठी पंचाईत झाली. साथीमुळे कामं गेली होती. पंतप्रधान ली खछ्यांग 1 जूनला शानतुंग प्रांतातल्या यांताईला गेले आणि फुटपाथवरच्या विक्रेत्यांचं तोंडभरून कौतुक करून आले. काही शहरांत छंगग्वानच फोन करून फेरीवाल्यांना विचारू लागले, गाडी कधी लावताय? आयुष्यभर ज्याला बघून पळ काढला तो चहापाणी विचारायला लागला म्हटल्यावर बायाबापड्यांनी दाराला आतून कड्या घातल्या. आठवडा उलटायच्या आत बीजिंगच्या सरकारी दैनिकाने लिहिलं, फेरीची अर्थव्यवस्था राजधानीला शोभत नाही. ताईने यावर एवढंच म्हटलं, "मोठ्या माणसांना भूक वेगवेगळ्या वेळी लागते."

परदेशी पाहुण्यांचं तिला नवल नाही. ते कॅमेरा घेऊन येतात आणि डोळ्यांनी काहीतरी शोधत राहतात. बहुतेकांना विंचू हवे असतात. बीजिंगच्या दोंगह्वामन रात्रबाजारात काडीला टोचलेले विंचू विकायचे. ते मुख्यतः पर्यटकांनी एकमेकांचे फोटो काढण्यासाठी. 2016 साली तो बाजार बंद झाला, पण विंचवाचा डंख पाहुण्यांच्या डोक्यात राहिला. ताई म्हणते, "आम्ही काय खातो ते समोर रांगेत दिसतंय. तुम्ही काय शोधताय ते तुमच्याच खिशात बघा." भारतीय पाहुणा असला तर मात्र तिच्याकडे एक प्रश्न राखून ठेवलेला असतो. चिनी रात्रबाजारांत 'भारतीय उडती पोळी' नावाचा प्रकार मिळतो: फेटा बांधलेला माणूस मैद्याचा गोळा हवेत भिरकावून पातळ करतो, आत केळं भरतो आणि लोण्यावर भाजतो. ताईला विचारायचं असतं की तुमच्या घरी रोज सकाळी एवढं उडवायला जागा पुरते का. समोरच्या भारतीयाने ती पोळी आयुष्यात पाहिलेली नसते. पण देशाची लाज राखायला तो सांगतो, छतं उंच असतात.

तिआनजिन मेडिकल युनिव्हर्सिटीत भारतातली पुष्कळ मुलं डॉक्टर व्हायला येतात. त्यातला लातूरकडचा एक पोरगा एका शनिवारी ताईपुढे उभा राहिला. शनिवारी तो अंडं खात नाही. त्याने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं: अंडं नको. ताईने वाचलं. त्याच्या पातळ जर्किनकडे बघितलं, बुटांकडे बघितलं आणि काही न बोलता आपल्या टोपलीतलं अंडं फोडून घातलं. "राहू दे," ती म्हणाली, "महिनाअखेर सगळ्यांनाच येते." पोराने हातवारे केले. मागचे आजोबा हेलावले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातलं अंडं काढून तव्यावर ठेवलं. पोराच्या वाट्याला देवाच्या वारी दोन अंडी आली; ती त्याने होस्टेलवर एका पंजाबी मित्राला दिली आणि स्वतः केळी खाल्ली. पुढच्या शनिवारी तो वाट वाकडी करून निघाला होता. ताईने तव्यावरूनच हाक मारली, "ए शनिवार! इकडे ये." बिनअंड्याचं, ग्वोबिअर दोन पापुद्रे. कुठून कळलं, कुणी सांगितलं, विचारायची सोय नव्हती. अंड्याचे पैसे वजा केले होते.

माणूस लक्षात ठेवण्याची ही तिची रीत. नाव, पगार, पक्ष, गाव यातलं काही तिला नको. जो जे खातो तो ते. पण यामुळे गिऱ्हाइकांची एक गंमत होते, ती चिनी नववर्षाला उघड होते. तेव्हा ताई तवा उलटा घालून सुटीवर जाते आणि गल्ली पोरकी होते.

'दोन अंडी, पात नको' हा पन्नाशीचा गृहस्थ. कुठल्याशा कचेरीत इतरांचे हिशेब तपासतो. तव्याच्या शोधात तो दुसऱ्या गल्लीत पोचतो. तिथली ताई अनोळखी. ती विचारते, "अंडी किती? ग्वोझी की ग्वोबिअर? तिखट? टोफू?" गृहस्थ गप्प. अंडी दोन आणि पात नको, एवढं त्याला पाठ आहे. बाकीचं इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलेलंच नसतं. पिशवी हातात आली की तो चालता चालता, बातम्या वाचत खातो. आत कांडी असते की पापुद्रा? मागची रांग खाकरायला लागते. तो बायकोला फोन लावतो. बायको म्हणते, "मला काय माहीत? सकाळी तुम्ही घरी खाल्लंय कधी?" शेवटी तो "सगळ्यांना देता तसं द्या" म्हणतो, आणि गडबडीत पात नको म्हणायचं राहून जातं. पहिल्याच घासाला पात.

कंदिलांचा सण आटोपतो, ताई परत येते. त्या सकाळी गृहस्थ रांगेत सगळ्यांच्या पुढे. सुटीत सोसलेल्या हालांची कहाणी त्याने तयारच ठेवलेली असते. ताई ऐकत नाही. पीठ पडतं, दांडी फिरते, एक अंडं फुटतं. दुसऱ्याची वाट बघत तो थांबतो. दुसरं येत नाही. ताई आज कधी नव्हे ती मान वर करते आणि त्याच्या कोटाच्या ताणलेल्या बटणांकडे बघते.

"सणात फार हाणलंयत. यापुढे एकच."

"अहो ताई, पैसे मी देतोय!"

"पोटही तुम्हीच वागवताय."

गृहस्थ रांगेकडे वळून बघतो. रांगेचा त्याला पाठिंबा दिसत नाही. आजोबा तर त्याच्या बटणांकडे बघून मान डोलावत असतात. मग तो कढईमागच्या माणसाकडे आशेने बघतो.

"दादा, तुम्ही तरी सांगा काहीतरी."

नवरा कांडी तेलातून बाहेर काढतो, नीट निथळू देतो. 'हं' यायला हवा तिथे तो येत नाही. रांगेतले सगळे कान टवकारतात.

"माझं तर होतं तेवढं एक," तो म्हणतो, "तेही गेल्या वर्षी बंद झालं."